चर ढासळून माणूस आत अडकला तर: साइटवर नव्याने आलेल्यांसाठी

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०१९ मध्ये घरोघरी नळाने पाणी द्यायचं जलजीवन मिशन आलं. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात फिरा, रस्त्याच्या कडेला पाइपलाइनचा चर उघडा दिसतो. शहरांत त्यात ड्रेनेज आणि केबलची भर. या चरांत उतरणारे लेबर, फिटर आणि मुकादम रोज बदलतात, आणि चर ढासळल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख साइटवरचा नवा सुपरवायझर, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, नुकतंच आपदा मित्राचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचं, प्रशिक्षण घेतलेले तरुण आणि शेजारच्या शेतातून धावत येणारे लोक यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख वाचून कुणी चरात उतरायला लायक होत नाही. पण चराबाहेर राहून करायची कामं भरपूर असतात. माणूस वाचतो की नाही, आणि त्याच्यासोबत आणखी दोघं मरतात की नाही, हे बहुतेक वेळा त्याच कामांवर ठरतं.

आधी माती समजून घ्या

एक घनमीटर माती कोरडी असेल तर साधारण दीड टन भरते, ओली असेल तर दोन टनांच्या जवळ जाते. छातीपर्यंत दबलेल्या माणसाभोवती असं शेकडो किलोंचं ओझं असतं. तो श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, मोकळ्या झालेल्या जागेत माती सरकते आणि पुढचा श्वास आधीपेक्षा लहान होतो. तोंड उघडं असूनही माणूस गुदमरू शकतो तो असा.

काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅब आडवे-तिडवे टेकतात आणि खाली पोकळ्या राहतात, त्यांत लोक दिवसदिवस जिवंत सापडतात. माती तशी पोकळी ठेवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीची धाबी कोसळली, तेव्हा आपल्या भागाने हे फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

आपल्याकडच्या जमिनीच्या स्वतःच्या खोडी आहेत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण अशी साधारण रचना. गोदावरी, पूर्णा, मांजरा यांच्या खोऱ्यांत काळीचा थर बराच खोल जातो. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. एप्रिल-मे मध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते त्यामुळेच. उन्हाळ्यात काळीत चर खोदला की भिंत सुरीने कापल्यासारखी उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला काय होतंय. पण आत भेगा असतात, आणि ती भिंत थोडी थोडी गळत नाही, अख्खी दरड एकदम सुटते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर तर जास्तच जपायला हवं, कारण पाणी भेगांतून थेट तळाशी उतरतं आणि वरून माती कोरडीच दिसते.

मुरमाचं उलटं. तो खालून खालून गळतो आणि वरची काळी छज्ज्यासारखी लटकत राहते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भराव. शहरात जुन्या पाइपलाइनीशेजारी, रस्त्याच्या कडेला, बुजवलेल्या आडाजवळ खोदाई चालू असते तेव्हा ती माती आधी एकदा उकरलेली असते. तिला धरून ठेवणारं काही नसतं.

हे सगळं बचावाच्या लेखात सांगायचं कारण एवढंच की एक बाजू पडली म्हणजे धोका संपला असं होत नाही. पडलेल्या भागाच्या वरचा छज्जा आणि समोरची उभी भिंत या दोन्हींचा आधार गेलेला असतो. दुसरी दरड पहिलीच्या पाठोपाठ कधीही येते, आणि ती येते तेव्हा खाली बहुधा मदतीला उतरलेले लोक असतात.

पायरी १: कुणालाही उडी मारू देऊ नका

ही पायरी लिहायला सोपी आणि करायला सगळ्यांत अवघड आहे. आत अडकलेला माणूस कुणाचा तरी भाऊ असतो, गाववाला असतो, सकाळी एका डब्यात जेवलेला असतो. चर खणणाऱ्या टोळ्या एकाच तांड्यातल्या किंवा एकाच गावातल्या असतात, त्यामुळे उडी मारणारा नात्यातलाच निघतो. त्याला ‘थांब’ म्हणून ओरडून तो थांबत नाही. त्याला काम द्या. ‘तू शिडी आण’, ‘तू वरून त्याच्याशी बोलत राहा, त्याला नावानं हाक मार’. हाताला काम मिळालं की पाय थांबतात.

ज्यांना काम नाही त्यांना मागे न्या, आणि आदराने पण ठामपणे सांगा: ‘मामा, मागं सरा, तुमच्या पायानं कड हलायलीय.’ याचा उपयोग होतो, कारण कारण दिलेलं असतं. नुसतं ‘बाजूला व्हा’ म्हटलं की भांडण होतं.

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत हिशेब मिनिटांचा आहे हे मला माहीत आहे. प्राणवायू तुटल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणूनच लोक उडी मारतात, आणि त्यांना मूर्ख म्हणायची माझी इच्छा नाही. पण डोक्यावरून चार फूट माती पडली असेल तर फावड्याने तेवढी माती चार-पाच मिनिटांत निघत नाही, कितीही माणसं लावली तरी. उलट कमरेइतका किंवा छातीइतका अडकलेला, बोलणारा माणूस तासन् तास टिकू शकतो, त्याच्यावर दुसरी दरड येऊ दिली नाही तर. आपली सगळी धडपड त्या दुसऱ्या दरडीविरुद्ध आहे.

पायरी २: फोन, आणि फोनवर काय बोलायचं

११२ लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. शहरात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत अग्निशमनाचा १०१ पण लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन फोन एकाच वेळी लावले तर बरं. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा अशा औद्योगिक पट्ट्यांजवळ असाल तर एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राचीही मदत मागा.

‘अपघात झाला, लवकर या’ एवढं बोलून फोन ठेवू नका. गाव, रस्ता, जवळची ठळक खूण. चर किती फूट खोल आणि रुंद. किती माणसं आत. त्यातला कुणी बोलतो आहे का. चरात पाणी आहे का. वरून किंवा बाजूने विजेची तार जाते का. हे सगळं अर्ध्या मिनिटात सांगता येतं. ‘माणूस मातीखाली दबलाय, डॉक्टर आणि सलाइन लागेल’ हे वाक्य १०८ ला मुद्दाम सांगा. का ते पुढे येईल. गाडीला वाट दाखवायला एक माणूस मुख्य रस्त्यावर फाट्याला उभा करा. शेतातल्या चराचा पत्ता फोनवरून कुणालाच कळत नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्यासाठीची तुकडी पुण्याची आणि राज्य दलाच्या धुळे-नागपूरच्या. त्यांना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत बोलावतात, बोलावलंच पाहिजे, पण पुणे ते नांदेड अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. लांबणाऱ्या बचावात ते उपयोगी पडतात. पहिले दोन-तीन तास स्थानिक अग्निशमन दल आणि तुम्ही.

पायरी ३: आजूबाजूचं सगळं शांत करा

पोकलेन, जेसीबी, हायवा, काँक्रीट मिक्सर, रोलर, जे काही तीनशे फुटांच्या आत चालू आहे ते बंद. यंत्र कडेवर झुकलेलं असेल तर मागे घ्यायच्या भानगडीत पडू नका, चालू करण्याचाच हादरा पुरेसा ठरतो. आहे तिथे बंद करा, चाकांना किंवा पट्ट्यांना ओंडके लावा, ऑपरेटरला खाली उतरवा. रस्त्यावरची वाहतूक दोन्ही बाजूंनी अडवा. येणाऱ्या गाड्या दीडशे फूट लांब थांबवा, अग्निशमनाची गाडीसुद्धा. लोक पन्नास फूट मागे, मध्ये दोरी किंवा साडी बांधून रेघ. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना त्या दोरीवर उभं करा. गावात त्यांचं ऐकतात आणि त्यांनाही काय करावं हा प्रश्न पडलेला असतो.

‘पोकलेनने दोन बकेट मारल्या की निघेल माणूस’, हा सल्ला प्रत्येक ठिकाणी कुणीतरी देतं. बकेटचे दात मातीत काय आहे ते बघत नाहीत. अडकलेल्या माणसाजवळ यंत्राची बकेट आणायची नाही. अग्निशमन अधिकारी लांबून, बाजूने उतार कापायचं ठरवतील तर तो निर्णय त्यांचा.

पाण्याची लाइन फुटली असेल तर वॉल्व्हमनला फोन करून मागचा वॉल्व्ह बंद करून घ्या. चरात पाणी साचत असेल तर ते काढणं माती काढण्याइतकंच तातडीचं आहे, कारण तळ भिजला की भिंत खालून सुटते. पाणी काढायला डिझेल इंजिनचा पंप बरा, ओल्या चरात विजेची मोटर नको. इंजिन चरापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. त्याचा धूर चरात उतरून साचतो. विजेची तार किंवा केबल दिसत असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत ओल्या मातीला कुणी हात लावायचा नाही. खांब कडेला असेल तर तो पडेल हे गृहीत धरा. पाऊस असेल तर कडेला ताडपत्री टाका आणि वरच्या अंगाला हातभर उंचीचा बांध घालून पाणी वळवा.

पायरी ४: किती माणसं, कुठे

मुकादमाची हजेरी वही मागा आणि नावं घेऊन माणसं मोजा. ‘सगळे बाहेर आहेत, एकटाच आत आहे’ यावर विश्वास ठेवू नका. कुणी पाणी प्यायला गेलेलं असतं, कुणी दुसऱ्या टोकाला झोपलेलं असतं, तर कुणी वहीत नसलेलं सकाळीच कामावर आलेलं असतं. लेबर बिहार किंवा मध्य प्रदेशातले असतील तर हिंदी बोलणारा माणूस लगेच जवळ ठेवा.

ज्याने पाहिलं त्याला हलू न देता जागेवरच विचारा: तो कुठे उभा होता, कुठल्या बाजूला तोंड होतं, वाकलेला होता की उभा. खुणा शोधा. फावड्याचा दांडा, टोपी, पाण्याची बाटली, पाइपला लावायच्या रबरी रिंगा आणि वंगणाचा डबा. जोड करणारा फिटर पाइपच्या तोंडाशी असतो, म्हणजे पाइपचं शेवटचं टोक कुठे आहे ते समजलं की माणूस कुठे आहे ते बऱ्यापैकी समजतं. ती जागा चुन्याने किंवा फडक्याने वरच्या कडेला खूण करून ठेवा.

मग दोन मिनिटं सगळ्यांना गप्प करा आणि हाक मारा. आवाज आला तर त्या आवाजाशी बोलायला एकच माणूस ठेवा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा.

पायरी ५: वरून करता येण्यासारखं

कडेला पाय ठेवण्याआधी कड झाकायची. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा, प्लायवूड, दारं, जाड फळ्या, जे मिळेल ते कडेला आडवं टाका, म्हणजे वजन पसरतं. प्लेटा टाकायच्या आधी, उकरलेल्या मातीचा ढीग कडेवरच असेल तर फावड्याने निदान दोन फूट मागे ओढा. आपल्याकडे ढीग हमखास कडेवरच असतो, आणि तो ढीग हेच दरड पडण्याचं अर्धं कारण असतं.

माणूस शुद्धीत असेल आणि हात मोकळे असतील तर त्याच्याकडे हेल्मेट सोडा, लहान फावडं किंवा थापी सोडा, शिडी सोडा. तो स्वतःच्या छातीजवळची माती बाजूला करू शकतो. धुळीसाठी ओलं फडकं द्या. त्याच्या आणि उभ्या भिंतीच्या मध्ये वरून दोरीने प्लायवूडचा पत्रा उतरवता आला तर ती त्याची पहिली ढाल. त्याला काय चाललंय ते सांगत राहा, खोटं न बोलता.

काखेत दोर घालून वर ओढायचं मात्र नाही. गुडघ्यापर्यंत रुतलेला पायसुद्धा ओली काळी माती सोडत नाही, आणि कमरेपर्यंत दबलेल्या माणसाला दहा जणांनी ओढलं तर मातीऐवजी त्याचा मणका सुटतो.

पायरी ६: आधी आधार, मग उकरणं

हा लेखाचा गाभा, आणि इथेच बहुतेक गावांत लोक हात टेकतात, कारण चराला आधार द्यायचं सामान आपल्याकडे नाही असं त्यांना वाटतं. सामान आहे. जिथे जवळ घर किंवा शाळेचा स्लॅब चालू आहे तिथे ते पडलेलं असतं. सेंट्रिंगवाल्याकडे प्लायवूड, बल्ल्या, फळ्या, जॅक, प्रॉप (स्लॅबखाली लावायचे लोखंडी टेकू) असतात. लाकडाच्या वखारीत चौकोनी लाकूड असतं. आणि सुतार तर प्रत्येक गावात आहे. पहिल्याच दहा मिनिटांत टेम्पो पाठवून हे मागवा. अग्निशमन दल आल्यावर त्यांना सामान तयार मिळणं हीच तुमची सगळ्यांत मोठी मदत.

रचना अशी असते. चराच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर प्लायवूडचे पत्रे उभे लावायचे, प्रत्येक पत्र्याच्या मधोमध चरातल्या बाजूने एक जाड फळी उभी. मग या फळीपासून त्या फळीपर्यंत आडव्या दांड्या ताणून बसवायच्या. माती दोन्हीकडून ढकलते आणि दांडी दोन्ही भिंतींना एकमेकींवर टेकवून धरते. सेंट्रिंगचं प्लायवूड बहुधा १२ मिलिमीटरचं असतं, ते एकेरी लवतं, म्हणून दुहेरी घ्या.

लोक चुकतात ते दांडीत. स्लॅबचा लोखंडी प्रॉप पूर्ण बंद केला तरी साडेपाच-सहा फूट लांब असतो, तो तीन फुटांच्या चरात मावतच नाही. दरड पडून चर रुंद झाला असेल तिथे तो चालतो. अरुंद जागी निदान चार इंच जाडीची सरळ बल्ली किंवा चौकोनी लाकूड मापात कापा, मापापेक्षा अर्धा इंच कमी, आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून ठोका. दांडी खाली घसरू नये म्हणून फळीवर तिच्याखाली लाकडाचा गट्टू खिळ्याने मारा. सुताराला वरच कापायला बसवा, एक माणूस माप ओरडून सांगेल.

दांड्या वरून खाली बसवतात. पहिली कडेपासून दोन फुटांच्या आत, पुढची तिच्यापासून चार फुटांपेक्षा जास्त अंतरावर नको, शेवटची तळापासून दोन फुटांच्या आत. बसवणारा माणूस शिडीवर असतो आणि शिडी आधीच आधार दिलेल्या भागात असते. न पडलेल्या, चांगल्या टोकापासून सुरुवात करून अडकलेल्या माणसाकडे सरकत यायचं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आधार झाल्यावरच त्याच्याजवळ पोचायचं. जिथे दरड सुटून भिंतीत पोकळी झाली आहे तिथे पत्र्यामागे मातीने भरलेली पोती रचून पोकळी भरा, नाहीतर पत्रा हवेत ढकलतो आणि दांडी सैल पडते.

दांडी सैल झाली, पाचर निघाली, प्लायवूडला पोट आलं, वरून खडे गळायला लागले, कडेला समांतर नवी भेग दिसली: यातलं काहीही झालं तर आतल्यांनी ताबडतोब वर यायचं. हे बघायला वर एक माणूस फक्त बघण्यासाठी ठेवा. त्याच्या हातात शिट्टी, आणि शिट्टी वाजली की वाद न घालता बाहेर. त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, पाणी आणायलासुद्धा नाही.

आत उतरायचं ते अग्निशमन दलाच्या किंवा हे काम केलेल्या माणसाच्या सांगण्यावरून. एका वेळी दोघं, डोक्यावर हेल्मेट, दोन शिड्या, प्रत्येक शिडी कडेच्या वर तीन फूट. उन्हाळ्यात चराच्या तळाशी वारा नसतो, पंधरा-वीस मिनिटांनी माणसं बदला.

पायरी ७: उकरणं

डोकं, तोंड, मग छाती, याच क्रमाने. माणसाच्या जवळ टिकाव आणि पहार नको. थापी, लहान फावडं, घमेलं आणि हात. माती घमेल्यातून बादलीत, बादली दोरीने वर, आणि वरची माती कडेपासून लांब. माती तिथेच कडेवर ओतत राहिलात तर स्वतःच दुसरी दरड तयार कराल.

तोंड मोकळं झालं की बोटाने तोंडातली माती काढा, आणि छातीवरची माती काढायला लागा. छाती मोकळी झाल्यावर माणसाचा रंग बदलतो, पण तिथे थांबू नका आणि घाईही करू नका. जसजसं दोन फूट खाली जाल तसतशी पुढची दांडी बसवत जा. पोट, मांड्या, शेवटी पाय. पायांशी पाइप, दगड किंवा लाकूड अडलेलं असतं ते हाताने चाचपून बघा. ओल्या काळीत पाय रुतला असेल तर पायाच्या बाजूने काठी घालून हवा जाईल अशी फट करा, मग पाय सुटतो.

दबलेलं अंग सोडवण्याआधी

तासाभराहून जास्त वेळ मांड्या किंवा पाय दाबले गेले असतील तर त्या स्नायूंमध्ये विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम साचतं. दाब अचानक काढला की ते एकदम रक्तात येतं, हृदयाचे ठोके बिघडतात, नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. बाहेर काढताना हसून बोलणारा माणूस रुग्णवाहिकेत दगावतो तो यामुळे. म्हणून पाय पूर्ण मोकळे करण्याआधी डॉक्टरांनी शिरेतून सलाइन चालू करायला हवं, आणि डॉक्टर कडेला आले नसतील तर छातीपर्यंत मोकळा करून, ऊब देऊन, त्यांची वाट बघणं बरोबर. पायाला स्वतःच्या मनाने दोर आवळू नका. खायला काही देऊ नका. पाण्याचं १०८ च्या डॉक्टरांना फोनवर विचारा. उन्हाळा असला तरी ओल्या मातीत माणूस गारठतो, घोंगडी किंवा चादर टाका.

श्वास थांबला असेल आणि छाती मोकळी असेल तर कडक पृष्ठभागावर घेऊन छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. शिकलेला माणूस असेल तर ३० दाबांमागे दोन श्वास.

वर काढताना मणका तुटला आहे असंच समजा. दार किंवा प्लायवूडचा पत्रा, त्यावर सरळ निजवून उपरण्याने, साडीने कपाळ, छाती, कंबर, मांड्या बांधा, आणि शिडीच्या दांड्यांवरून पत्रा घसरवत वर घ्या. हात-पाय धरून उचलणं नको.

माणूस निघाला की सगळे एकदम निघून जातात आणि त्याला काढायला आत उतरलेले दोघं विसरले जातात. पुन्हा नावं घेऊन मोजा. दांड्या खालून वर या क्रमाने काढतात. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत काढूच नका, चर झाकून पहारा ठेवा.

विहिरीचं वेगळं

हे सगळं वीस फुटांपर्यंतच्या चरासाठी. विहिरीचं खोदकाम चालू असताना वरचा काळीचा थर आत घसरला तर गोल खड्ड्याला वरच्या पद्धतीने आधार देता येत नाही, आणि जुन्या विहिरीत किंवा मॅनहोलमध्ये प्राणवायू नसू शकतो. तिथे कड मोकळी करणं, यंत्रं बंद करणं, फोन आणि वरून बोलणं एवढंच करा. क्रेनच्या पाळण्यातून गावातला धाडसी पोरगा खाली सोडू नका.

साइट सुरू होण्याआधी

भारतीय मानक ३७६४ (१९९२) सांगतं की दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल मातीच्या चराला आधार द्यायचा, आणि उकरलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यात जे जास्त असेल तेवढं लांब टाकायची. गुत्तेदार म्हणेल, एका दिवसाचं तर काम आहे. दरड एका दिवसाचीच वाट बघत असते. जागा असेल तर उभ्या भिंतीऐवजी उतार कापून घ्या, पोकलेनला त्यात जास्तीचा तास जातो, बस. लेबरची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का तेही याच वेळी बघा.

आणि साइट ऑफिसच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. ११२, १०८, १०१, १०७७ हे तर आलेच. पण त्याखाली हाताने लिहायचे नंबर जास्त कामाचे: जवळचा सेंट्रिंगवाला, लाकडाची वखार, चेनसॉ असलेला सुतार, डिझेल पंपवाला, टेम्पोवाला, वॉल्व्हमन, महावितरणचा लाइनमन, पोलीस पाटील, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. पाइपलाइन पुढच्या गावच्या शिवारात गेली की यातले निम्मे नंबर बदलतात, तेव्हा कागदही बदला. रात्री अकरा वाजता कोण फोन उचलतो ते एकदा लावून बघा, आणि जो उचलत नाही त्याच्या नावापुढे दुसरा नंबर लिहा.